लॅपटॉपची सीलबंद खरेदी

२ सप्टेंबर, संध्याकाळ
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवण्यासाठी नाही. दाखवावी अशी माणसं आसपास उरली कुठे आहेत?

निमित्त: कन्येला लॅपटॉप घ्यायचा आहे. ती फरशांच्या दुकानात दिवसभर उभी राहून लोकांना फरशा दाखवते. आता एका कंपनीने तिला मुलाखतीला बोलावलंय. काम लोकांच्या स्वयंपाकघरांची ड्रॉइंग्ज करायचं, घरी बसून. मुलाखत चोवीस तारखेला, व्हिडिओवर. त्यांच्या डोळ्यांदेखत एक स्वयंपाकघर काढून दाखवायचं. पैसे तिचेच, फरशांच्या दुकानात उभं राहून साठवलेले. चाळीस हजार. वर काही मिळेल अशी आशा नको, हे मी आधीच स्पष्ट केलं.

जेवताना जाहीर केलं की खरेदी मी करणार. मी ऑफिसात खरेदी विभागात आहे. टाचणीपासून जनरेटरपर्यंत सगळं माझ्या सहीने आलेलं आहे. कन्या म्हणाली, तिने एक बघून ठेवलाय. बायको म्हणाली, तिचं तिला घेऊ दे. दोघींना शांतपणे समजावलं की बघणं वेगळं आणि खरेदी वेगळी. बघतात काय, सगळेच.

पैसे माझ्या खात्यात वळते करून घेतले. व्यवहार एका हाती असावा.

३ सप्टेंबर
मेहुणा येऊन गेला. बायकोचा धाकटा भाऊ. हा माणूस चपला काढता काढता निर्णय घेतो. कन्येने बघून ठेवलेला लॅपटॉप त्याने फोनवर बघितला आणि म्हणाला, पाच मिनिटांत मागवतो, रविवारपर्यंत सवलत आहे, अडतीस हजारांत बसतोय. पी हळद हो गोरी.

मी त्याला एकच विचारलं, तीन दरपत्रकं कुठे आहेत? तो हसला. हसणं हे उत्तर नसतं, हे त्याला लहानपणी कुणी शिकवलेलं नाही. बायकोचं माहेर एकंदर असंच.

४ सप्टेंबर, ऑफिसात (जेवणाची सुट्टी, थोडी लांबवलेली)
मागणीपत्रक तयार. कन्येकडून गरजा लेखी मागवल्या होत्या. तिने चार ओळी दिल्या. रॅम सोळा जीबी, जागा पाचशे बारा जीबी, स्क्रीन पंधरा इंची, हमी दोन वर्षांची.

इथे अनुभव कामाला येतो. आमच्या ऑफिसात कुठलाही विभाग गरजेपुरतं मागत नाही. दहा खुर्च्या हव्या असल्या की वीस मागतात, कारण खरेदी विभाग निम्म्या कापणार हे त्यांना ठाऊक असतं. आणि आम्ही निम्म्या कापतो, कारण ते दुप्पट मागणार हे आम्हाला ठाऊक असतं. शेवटी सगळ्यांना बरोबर तेवढंच मिळतं. नव्या कारकुनाने मला विचारलं होतं, मग सगळ्यांनी पहिल्यापासूनच दहा का मागू नयेत? त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

तेव्हा कापलं. रॅम आठ. जागा दोनशे छप्पन्न. हमी एक वर्ष. स्क्रीन निम्मी केली तर साडेसात इंच होते, म्हणून तिथे मन मोठं केलं आणि चौदावर थांबलो.

रॅम म्हणजे नक्की काय ते विचारलं नाही. जनरेटर घेतला तेव्हाही काही विचारलं नव्हतं. खरेदी करणाऱ्याने वस्तूच्या प्रेमात पडू नये.

५ सप्टेंबर
बाजारात गेलो. पहिलं दुकान काचेचं, आत गारठा. सीलबंद लिफाफ्यात दर द्या म्हटल्यावर विक्रेतीने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने मला बसवून पाणी दिलं आणि बरं वाटतंय का विचारलं. मग म्हणाला, दर तर वस्तूवरच लावलेत. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. गोपनीयता म्हणून काही चीज असते, हे या लोकांच्या गावीच नाही. बाद.

दुसऱ्या दुकानाचा मालक दुकानात बसून डोक्यावर गॉगल चढवतो. यापुढे त्याचं नाव गॉगल. त्याने विचारलं, मुलीला काम काय करायचंय त्यावर? मी म्हटलं, तो आपला विषय नाही, आपण दर द्यावा. त्याने एक लॅपटॉप दाखवला, सोळा रॅमचा. मग खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा फाडला आणि त्याच्यावर दर लिहून दिला. साडेएकोणचाळीस हजार. ना तारीख, ना शिक्का, ना सही. शिवाय आम्ही आठ मागितलेले असताना हा सोळा गळ्यात मारतोय. बाद.

तिसऱ्याने मला बघून शटरच ओढलं. जेवणाची वेळ असेल.

७ सप्टेंबर, रविवार
सवलत आज संपायची होती. कन्या सकाळपासून फोन हातात धरून घरभर फिरत होती. संध्याकाळी विचारलं, बाबा, मागवायचा का? तिला सांगितलं की सवलत म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ. शहाणा मासा पाहून पुढे जातो. ती फोन घेऊन आत गेली. समजूतदार आहे. माझ्यावर गेली आहे.

९ सप्टेंबर
त्याच लॅपटॉपचा दर चव्वेचाळीस हजार झालाय. मेहुण्याने मुद्दाम फोन करून कळवलं. मी म्हटलं, चढलेला दर उतरतो, माणसाने फक्त दम धरावा. त्याने विचारलं, चोवीस तारखेपर्यंत उतरेल का? या कुटुंबाला तारखांचं फार वेड आहे.

१० सप्टेंबर
माणूस सापडला.

झेरॉक्सच्या दुकानावर पहिला मजला. जुने लॅपटॉप आणतो, दुरुस्त करतो, विकतो. मला साहेब म्हणाला. पंखा माझ्याकडे वळवला. सीलबंद दरपत्रक हे शब्द ऐकून म्हणाला, साहेब, आजकाल पद्धतीने चालणारी माणसंच राहिली नाहीत. मी खुर्ची पुढे ओढली. याचं नाव मधाळ.

मला पायपीट नको म्हणून तिन्ही दरपत्रकं तोच आणून देणार आहे. एक स्वतःचं, एक चुलतभावाचं, एक मित्राचं. एवढी सेवा काचेच्या दुकानात मिळेल का? तिथे फक्त पाणी मिळतं.

१३ सप्टेंबर, सकाळ
लिफाफे उघडण्याचा कार्यक्रम जेवणाच्या टेबलावर. वेळ अकरा. कन्या कामावर गेली होती, म्हणून साक्षीदार बायको. ती कपड्यांच्या घड्या घालत साक्षीदार झाली.

तिन्ही लिफाफे व्यवस्थित चिकटवलेले, तिन्हींवर अक्षर एकसारखं आणि शाई हिरवी. व्यापाऱ्यांमध्ये इतकी एकवाक्यता मी पहिल्यांदाच पाहिली. मित्राचा दर छत्तीस, चुलतभावाचा साडेपस्तीस, मधाळचा चौतीस. मधाळ सर्वांत कमी. बायको म्हणाली, अहो, हे तिन्ही त्यानेच लिहिलेत. मी म्हटलं, साक्षीदाराने सही करायची असते, मत द्यायचं नसतं. तिने सहीही केली नाही आणि चादरीची घडी घालायला मलाच एक टोक धरायला लावलं.

तुलनात्मक तक्त्यावर शेरा मारला: साक्षीदाराचे असहकार्य.

१५ सप्टेंबर
वाटाघाटी. या बाबतीत माझा हात धरणारा ऑफिसात कुणी नाही. बॅग सोडली, पाचशे उतरले. एक वर्षाची हमी सोडली, दोन हजार उतरले. हमी म्हणजे काय, वस्तू बिघडेल असा संशय. संशयाला पैसे कशाला मोजायचे? मधाळ कपाळाला हात लावून म्हणाला, साहेब, तुम्ही मला लुटलंत. शेवटी एकतीसवर आणला.

उरलेले नऊ हजार कन्येच्या नावाने मुदत ठेवीत टाकले. वर्षभर हात लावता येत नाही. संध्याकाळी ती घरी आल्यावर सांगितलं. ती पाय चोळत बसली होती. म्हणाली, बाबा, त्या नऊ हजारांत सोळाचा... आणि थांबली. आभार मानताना तिला नेहमीच शब्द सापडत नाहीत.

१७ सप्टेंबर
लॅपटॉप घरी आला. भरभक्कम आहे. आजकालच्यांसारखा पापड नाही. खालच्या बाजूला कुठल्या तरी विमा कंपनीचा नंबर चिकटवलाय, म्हणजे आधी चांगल्या घरात होता. एका कळीवरचं अक्षर पुसलंय. ते कुठलं होतं ते आजूबाजूच्या अक्षरांवरून ओळखता येतं. बॅटरी चहा होईपर्यंत टिकते. म्हणजे डोळ्यांना विश्रांती. पंखा मोठ्याने फिरतो. काम चालू आहे हे घरात सगळ्यांना कळतं.

कन्येने उघडला, खाली कुठे तरी बघितलं आणि विचारलं, आठच? मी म्हटलं, पुरेत. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. आनंद पचायला वेळ लागतो.

२० सप्टेंबर
कन्येचा सराव. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडायला वेळ लागतो, तेवढ्यात ती आंघोळ करून येते. भिंती निघतात. खिडकी निघते. ओटा काढायला घेतला की लॅपटॉप विचारात पडतो. मी तिला सांगितलं, ओटा नंतर काढ. ती म्हणाली, बाबा, स्वयंपाकघरात ओटाच असतो. उलट उत्तरं द्यायला ही फरशांच्या दुकानातच शिकली.

मी स्वतः चाचणी घेतली. कॅल्क्युलेटर उघडला, बेरीज केली. बरोबर आली.

२२ सप्टेंबर
घरात कट शिजतोय. कन्येने मामाचा लॅपटॉप एका दिवसासाठी मागितला आणि तो परवा सकाळी आणून देणार. हे मला बायकोने भांडी पुसता पुसता सांगितलं, जणू काही दूध संपल्याचं सांगतेय. घरात रीतसर खरेदी केलेलं यंत्र असताना उसनं आणायचं. उद्या ऑफिसात कुणी विचारलं तर तोंड कुठे लपवू?

मेहुण्याला परस्पर फोन केला आणि सांगितलं, आणू नकोस, गरज नाही. त्याने विचारलं, तिला विचारलंत का? मी म्हटलं, मी बाप आहे. त्याने फोन ठेवून दिला. पहिल्यांदाच माझं म्हणणं त्याच्या डोक्यात शिरलं असावं.

२४ सप्टेंबर, दुपार
मुलाखत झाली.

कन्या सकाळी मामाची वाट बघत दारात उभी होती. शेवटी मीच सांगितलं की तो येणार नाही. ती तशीच वळली. आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर खुर्ची टाकून बसलो. नमस्कार झाला, हसणं झालं. त्यांनी सांगितलं, एक लांबट, अरुंद स्वयंपाकघर काढा. हिचा आवाज छान येत होता. इथे सिंक, इथे शेगडी, मध्ये हाताला जागा. मग पंखा विमानासारखा घोंगावला. मग शांतता. मग ती सॉरी म्हणाली. मग पुन्हा सॉरी. मग म्हणाली, दोन मिनिटं द्याल का? बराच वेळ नुसती कळीची टकटक. त्या पलीकडच्या बाईंचा आवाज तुटक तुटक आला, कळवतो म्हणाल्या.

दार उघडून बाहेर आली, चेहरा धुतला आणि फरशांच्या दुकानात अर्ध्या दिवसाच्या कामावर गेली.

कारणं: इंटरनेटवाल्याचा हलगर्जीपणा. कंपनीचा उतावळेपणा. अरुंद स्वयंपाकघर मुद्दाम दिलं, प्रशस्त दिलं असतं तर निघालं असतं.

२५ सप्टेंबर
बायको बोलत नाही. कन्या बोलते, पण मोजकं. चहा ठेवलाय. दिवा बंद करा. इंटरनेटवाल्याला खरमरीत तक्रार लिहिली. त्याचं उत्तर आलं की त्या वेळी आमच्याकडे वेग उत्तम होता, सोबत आलेखही जोडलाय. आलेख मी उघडला नाही. आलेख काय, कसाही काढता येतो.

२६ सप्टेंबर
मधाळकडे गेलो. म्हटलं आता याची हजेरी घ्यायची. त्याने पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला आणि माझंच मागणीपत्रक माझ्यापुढे ठेवलं. रॅम आठ, माझ्या सहीनिशी. साहेब, तुम्ही सांगितलं ते आणि तेवढंच दिलं, म्हणाला. कामात आपली कसूर नाही. ड्रॉइंगसाठी हवाय हे बोलला असतात तर आठचा हातात धरलाच नसता, सोळाचा माझ्याकडे पडून होता, तुमच्या चाळीसच्या आत बसला असता.

आणि मग म्हणाला, असं कोण मागतं साहेब निम्मं?

चहा अर्धा टाकून उठलो. गोड फार होता.

२७ सप्टेंबर
मधाळ लबाड आहे हे कन्येला सांगावं म्हणून तिच्यासमोर बसलो. मागणीचा विषय निघाला. मी पद्धत समजावून सांगितली. विभाग दुप्पट मागतात, आपण निम्मं करतो, त्यातून योग्य ते निघतं. ऑफिसात याच्यावर सगळं चालतं, कुणाची तक्रार नाही.

तिने सगळं ऐकून घेतलं. गिऱ्हाइकांना फरशा दाखवून दाखवून तिला सवय झालीय, माणूस बोलत असला की मध्ये बोलत नाही. मग म्हणाली, “बाबा, मी दुप्पट मागितलं नव्हतं. लागतं तेवढंच मागितलं होतं.”

मी म्हटलं, हे आधी सांगायचंस. ती म्हणाली, कागदावर लिहूनच दिलं होतं.



१ ऑक्टोबर
बातमी, तीही बायकोकडून, भांडी पुसतानाच. कन्येने त्या कंपनीला स्वतः लिहिलं होतं. लॅपटॉप बंद पडला, चूक माझी, मी आधी नीट तपासायला हवा होता, एक संधी द्या. त्यांनी दिली. काल सुट्टीच्या दिवशी ती मामाच्या घरी गेली, तिथे बसून तेच अरुंद स्वयंपाकघर पुरं काढलं. आज त्यांचा होकार आला.

चूक माझी, असं तिने लिहिलं. माझं नाव कुठेच घेतलं नाही. बायकोने हे दोनदा सांगितलं, मला नीट ऐकू आलं नसेल म्हणून.

मी विचारलं, मला कुणी का सांगितलं नाही? बायको म्हणाली, तुम्ही दरपत्रकं मागवली असतीत.

एकंदर बघता निवड झाली हे महत्त्वाचं. मूळ तयारी आपल्याच लॅपटॉपवर झाली होती, हे विसरून चालणार नाही.

५ ऑक्टोबर
कन्येने नवा लॅपटॉप आणला. गॉगलकडून, हप्त्याने, सोळाचा. जाताना मला दुकान विचारलं नाही, येताना दर सांगितला नाही. गॉगलने म्हणे पहिल्याच वाक्यात विचारलं, काम काय करायचंय? आणि तिने सांगितलं. त्यांचं दहा मिनिटांत उरकलं. कसली खरेदी ही? ना तक्ता, ना टिपणी.

आपला लॅपटॉप तिने पुसून, वायर गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवला. तुम्हाला होईल, म्हणाली. मी त्याच्यावर ऑफिसचे तक्ते करून बघितले. आठ रॅम मला भरपूर होते. उरतात.

१२ ऑक्टोबर, रविवार
कन्या आता घरीच काम करते. फरशांचं दुकान सुटलं. पाय दुखत नाहीत म्हणते, म्हणजे बायकोला म्हणते, मी ऐकलं.

आज मी स्वतःहून तिच्या दाराशी गेलो. पलंगाच्या कडेला बसून, लॅपटॉप उशीवर ठेवून काम करत होती. म्हटलं, तुला टेबल लागेल. खुर्ची लागेल, पाठीला आधार असलेली. दिवाही हवा. सांग, जे म्हणशील ते आणतो. जेवढं म्हणशील तेवढं. हे शेवटचं वाक्य मी दोनदा म्हटलं.

ती म्हणाली, “काही नको, बाबा.”

रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. दुकानात कुणी नको असलेली वस्तू पुढे करतं तेव्हा आपण म्हणतो तसं म्हणाली, हसून, नीट. मग तिला फोन आला आणि तिने दार लोटून घेतलं.

मी बाहेर थोडा वेळ उभा होतो. जायला कुठे नव्हतं. आत ती कुणाला तरी सांगत होती की ओटा खिडकीखाली घ्या, उजेड मिळेल, आणि उंची घरात जो रोज उभा राहणार आहे त्याला विचारून ठरवा, तुमच्या मनाने नको. पलीकडचा माणूस काही तरी विचारत होता आणि ती न अडखळता उत्तरं देत होती. माणूस मोठा असावा, कारण ती सर म्हणत होती. पण ऐकत तोच होता.

मला वाईट वाटलं. तिला हे सगळं येतं, हे मला माहीत नव्हतं.